लोलकाचा कौल

विद्यापीठाच्या जिन्यात त्या दुपारी मुंगीलाही वाट नव्हती. खाली जीवशास्त्र, वर मानसशास्त्र आणि मधल्या वळणावर सतरंजी टाकून बसलेले लोलकमहाराज.

प्रवेशाचा अर्ज सतरंजीवर ठेवायचा आणि दोऱ्याला बांधलेला काचेचा मणी पालकांनीच त्यावर धरायचा. मणी उभा झुलला तर होकार, आडवा झुलला तर नकार. महाराज हातही लावत नसत, हेच तर नवल! "आम्ही काय करणार? आम्ही तर चहा पितो," असं म्हणत ते खरोखरच चहा पीत.

प्रवेश कार्यालयातला कारकून आधी हसला होता. मग त्यानं स्वतःच्या बदलीचं विचारलं, होकार आला आणि तेव्हापासून तो सतरंजीशेजारीच बसून कौल मिळालेल्या अर्जांवरच शिक्का मारू लागला. एका बाईंनी लेकाच्या अर्जाऐवजी चुकून वाणसामानाची यादी ठेवली. तिलाही होकार आला. साबण आणि काडेपेटीला वरून काही हरकत नव्हती.

मी तिथल्या ग्रंथालयात पुस्तकं बांधते. माझ्या भाचीला जीवशास्त्र आणि मानसशास्त्र, दोन्ही विषय एकत्र शिकायचे होते. कारण माझी ताई, म्हणजे तिची आई. चार वर्षांपूर्वी ताईची वाचा गेली. एक डॉक्टर म्हणाले, "मेंदूचं दुखणं आहे, मनाचं मला विचारू नका." दुसरे म्हणाले, "मनाचं आहे, मेंदूचं त्यांना विचारा." भाची तेव्हा शाळेत होती. दोन्हीकडचं आपणच शिकायचं, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं.

अर्जाची मुदत पाचपर्यंत होती. साडेतीनला भावोजींनी तिच्या अर्जावर मणी धरला. तो आडवा झुलला, आणि असा झुलला की पुढचे दोघे मागे सरले.

"जीव ओला, मन कोरडं!" महाराज गरजले. "ओलं-कोरडं एका डब्यात भराल तर बुरशी येईल! पोरगी हातची जाईल!"

भावोजींचा चेहरा उतरला. नुसत्या जीवशास्त्राचा दुसरा अर्ज ते घरूनच भरून घेऊन आले होते. तो त्यांनी खिशातून काढला.

"अप्पा, मणी तुम्हीच हलवताय," भाची म्हणाली.

"मी?" भावोजी भडकले. ते गवंडी आहेत. "तीस वर्षं ओळंबा धरतोय मी! या हातावर चार-चार मजले सरळ उभे राहिलेत. माझा हात हलतो म्हणतेस?"

"बापाच्या हाताला नावं ठेवते," कारकून पुटपुटला.

"भावोजी, माझ्यासाठी एकदा तिचं ऐका," मी म्हणाले आणि भाचीनं मागितलेली दोन पाकिटं तिच्या हातात दिली.

तिनं पाठ फिरवून दोन्ही अर्ज त्यांत घातले. "डावीकडे दोन्ही विषय. उजवीकडे नुसतं जीवशास्त्र. धरा मणी."

डाव्या पाकिटावर मणी आडवा झुलला. उजव्यावर उभा.

"बघा! पाकिटाच्या आतलंही दिसतं त्याला!" महाराजांनी कप उंचावला.

"काका, उघडा ना," भाची कारकुनाला म्हणाली. डाव्यातून निघाला नुसत्या जीवशास्त्राचा अर्ज. दोन्ही विषयांचा उजव्यात होता. तिनं मुद्दामच उलटं सांगितलं होतं.

मग कारकुनाची कळी खुलली. "म्हणजे दोन्ही विषयांना होकार आला की! आण, शिक्का मारतो."

भाचीनं अर्जावर हात ठेवला. "नको. मण्याचा नकार खोटा, तसा होकारही खोटा."

मी कपाळाला हात लावला. घोडं गंगेत न्हायला निघालेलं, आणि हिनं लगाम ओढला!

भावोजी मात्र उठले. सूचनाफलकाच्या खिळ्याला त्यांनी दोरा बांधला, मणी थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आता विचारा."

कारकुनानं बदलीचं विचारलं. एका आजोबांनी गुडघ्यांचं विचारलं. मणी ढिम्म.

"खिळ्याला श्रद्धा नसते!" महाराज ओरडले.

"बोटंही नसतात," भावोजी म्हणाले.

"तेच सांगतेय, अप्पा," भाची हळूच म्हणाली. "मनात आलेलं बोटांपर्यंत पोचतं. ती केसभर हलतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. लांब दोऱ्यानं तेवढंच मोठं होऊन दिसतं. ओळंबा धरताना तुमच्या मनात एकच असतं, हलायचं नाही. आज मनात भीती होती."

"आहेच भीती," भावोजी म्हणाले. "आईचं दुखणं रोज उगाळत बसलीस तर तूही गप्प होशील, असं वाटतं मला."

"मग तसं मला म्हणा ना! मण्याला काय विचारता?"

बराच वेळ दोघं पायरीवर बसून बोलत होते. पावणेपाचला भावोजींनी दोन्ही विषयांच्या अर्जावर सही केली. भीती गेली नव्हती, पण सही त्यांनी स्वतःच्या मनानं केली. अर्ज पाचच्या आत कार्यालयात पोचला. महाराज सतरंजी गुंडाळून निघाले, तेव्हा कारकून त्यांच्यामागे धावत होता. "अहो, मग माझी बदली?"

तुमच्याही हातात कुणी असा मणी दिला तर एवढंच करा: मण्याखाली काय आहे ते धरणाऱ्याला कळू देऊ नका. मग बघा, कौल कुठून येतो ते. आणि घरातल्या माणसाची काळजी वाटली तर त्या माणसालाच विचारा. ते बोलू शकतं तोवर तरी.