सहा मीटरवरची तेरा मिनिटं

माझ्या कवळीची शपथ घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोलले तर ती आत्ताच्या आत्ता घशात अडको. हसू नका, ऐका.

माझी नात म्हणजे पायाला भिंगरी. दूध तापेपर्यंतसुद्धा एका जागी उभी राहायची नाही. आणि या बयेला शिकायचं काय, तर खोल पाण्यातली डुबकी. तिथे खाली टाकीतला वायू रक्तात मुरतो म्हणे. मग भसकन वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं रक्त फसफसतं. म्हणून वर येताना सहा मीटरवर दोराला धरून थांबायचं. मनगटावरचं यंत्र मिनिटं मोजतं, ती संपेपर्यंत हलायचं नाही. माकडाला रांगेत उभं करण्यातलाच प्रकार.

दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा मिनिटभर बाकी असताना वर तरंगली. सरावाची डुबकी होती म्हणून निभावलं. शिकवणाऱ्या बाईंनी मग सांगूनच टाकलं, तिसऱ्यांदा असं झालं तर पाणबुडीचं परवाना-कार्ड विसर. आणि कार्डाशिवाय तिची टोळी तिला बुडालेल्या जहाजापर्यंत नेणार नव्हती. त्या जहाजाचा फोटो चार वर्षांपासून आमच्या न्हाणीघराच्या दारावर चिकटवलाय. दात घासताना मलाही तेच बघावं लागतं.

तिसऱ्या परीक्षेला मी बोटीवर गेले. नातीची जोडी तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका दाताच्या डॉक्टरांशी लावली होती. जन्मभर लोकांना “हलू नका” म्हणत आलेला माणूस, पण उडी मारायच्या आधीच त्याची चुळबुळ चालली होती. बाईंसकट तिघं खाली गेली.

पाणी इतकं नितळ, की वरून मला डॉक्टरांच्या पट्ट्याचं बक्कल दिसत होतं. ठरल्या वेळी तिघं दोराशी आली. नातीच्या यंत्रावर नऊ मिनिटं होती. तेवढ्यात एक कासव आलं, तिच्या शेजारी थांबलं आणि दर मिनिटाला एकदा मान हलवायला लागलं. मी मोजलं, बरोबर नऊ वेळा.

नऊ झाली. वर कुणी येईना.

मी निवांत शेंगदाणे खात बसले होते. नावाडी कासावीस झाला, तर मीच त्याला म्हटलं, “घाबरू नकोस रे, यायची ती येईल.”

खाली काय चाललं होतं त्याचा अर्थ मागाहून कळला. डॉक्टरांच्या हातून बॅटरी निसटली होती, ती धरायला ते आणखी खोल गेले होते. त्यामुळे त्यांच्या यंत्रावर चार मिनिटं जास्त पडली. त्यात चष्म्यात पाणी शिरलं, आणि गृहस्थ लाथा झाडत वर निघाले. नातीची मिनिटं संपलेली, यंत्र तिला जा म्हणतंय. बाई हाताची घडी घालून बघतायत. नातीनं डॉक्टरांचा पट्टा धरून त्यांना खाली ओढलं, हात दोरावर ठेवला आणि स्वतः हळू हळू श्वास घेऊन दाखवला. चष्म्यातलं पाणी निघालं. मग तिनं चार बोटं दाखवली. मग तीन. मग दोन. एक.

वर आल्यावर डॉक्टर नाक पुसत बसले. बाईंनी नातीला विचारलं, “तुझं संपलं होतं. थांबलीस का?”

“काकांचं कुठे संपलं होतं?”

ज्याची मिनिटं जास्त, त्याच्याएवढं दोघांनी थांबायचं, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात म्हणे. पण स्वतःचा आकडा शून्यावर आला की भलेभले तो विसरतात. बाईंनी तिथेच ओल्या हातानं सही केली. नात मात्र कागदाकडे न बघता डॉक्टरांना पाणी पाजत होती, आणि मला वाटतं, एवढा वेळ तिला एका जागी बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

आता एक कबूल करते. कासव खरं आहे, त्यावर वाद नको. पण शेंगदाणे नव्हते. त्या चार मिनिटांत मी त्या नावाड्याचं मनगट असं आवळलं होतं, की माझी बोटं त्यावर उमटली. आणि “घाबरू नका आजी, यायची ती येईल” असं तोच मला म्हणत होता.