काळं तेल

कांताने सशाच्या डोळ्यातून काढलेलं तेल काचपट्टीवर पसरलं आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एकसारखा काळसर रंग दिसायला हवा होता. दिसल्या त्या गुठळ्या. तिने दुसऱ्या सशाचं तेल पाहिलं, मग तिसऱ्याचं. हात पुसून ती स्टुलावर नुसती बसून राहिली.

कोलशेतच्या त्या प्रयोगशाळेत ब्याण्णव सालापासून, चार वर्षं, हेच काम चाललं होतं. सिलिकॉनच्या तेलात चुंबकाला ओढले जाणारे अतिसूक्ष्म कण सोडायचे. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर पॉलिमरचा लेप. हे तेल डोळ्यात भरून बाहेरून चुंबकाची बारीक पट्टी शिवली, की ते डोळ्याचा आतून सुटलेला पडदा जागेवर दाबून धरणार होतं.

कांताच्या वडिलांचा, धोंडिबांचा, उजवा डोळा आधीच गेला होता. आता डाव्याचा पडदा सुटला होता, दोन ऑपरेशनं फसली होती. डॉक्टर नवं तेल वापरायला तयार होते. हवा होता फक्त प्रयोगशाळेचा सहीनिशी होकार.

"तीन आठवडे ससे ठणठणीत होते," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "वडील तुझे आहेत, कांता. तू म्हणशील तसं करू."

"चौथ्या आठवड्यात लेप सुटून गुठळ्या होताहेत, सर."

कल्याणजवळ मोहन्याला घरी धोंडिबा खाटेवर मान खाली घालून बसले होते. डॉक्टरांनी तसंच बसायला सांगितलं होतं.

"डोळा तसाही जाणारच ना? मग घालू दे की तेल."

"गुठळ्या आत रुतल्या तर अख्खा डोळा काढावा लागेल, बाबा."

"म्हणजे तू सही करणार नाहीस."

"नाही."

महिन्याभरात उरलासुरला उजेडही गेला. ते तिच्याशी बोलेनासे झाले. जेवताना ती त्यांचा हात वाटीला लावून द्यायची. ते तो सोडवून घ्यायचे.

दहा महिन्यांनी नवा लेप टिकला. ठाण्याच्या केशरबाईंच्या डोळ्यात तेल भरलं, आणि डोळ्यावरचं बँडेज काढल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगितली. प्रयोगशाळेत पेढे वाटले. कांताने आपला पेढा कल्याण स्टेशनबाहेर एका भिकारणीला दिला.

ती घरात शिरली तसं धोंडिबांनी तोंड तिच्याकडे वळवलं.

"त्या तेलाचं काय झालं गं पुढे?"

कांता चपला काढता काढता थांबली.

"बंद केलं, बाबा. नाहीच जमलं."

मग हात पुढे करून चाचपत त्यांनी तिचं मनगट धरलं.

"म्हणजे तुझंच बरोबर होतं," ते म्हणाले. "बस इथे. जेवलीस का?"