यानाच्या खिडक्या, नंदीचे डोळे

"माझ्या पडवीत बसून रंगवायचं, माझ्या डोळ्यांसमोर. ते यान घराबाहेर जाणार नाही," असं वासुदेवराव गुरुजी सानगडीच्या भर बाजारात म्हणाले आणि तुलाराम मिस्त्री चार लोकांसमोर "हो" म्हणून बसला. बाजूला मिरच्या निवडत असलेली पंचफुला निवडलेल्या मिरच्या तशाच टाकून उठली.

तुलाराम तिचा सासरा. लाकडी नंदी रंगवावेत तर तुलारामनेच, असं पार साकोलीपर्यंत बोललं जाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं जे नंदी दोरीने ओढत दारोदार मिरवतात, त्यांतले निम्मे याच्या ओट्यावरून गेलेले. त्या घरात एक नेम होता. नंदीचं अंग कोणीही रंगवावं, शिंगं कोणीही सोनेरी करावीत, पण डोळा उघडायचा तो घरातल्या कर्त्या पुरुषाने. आंघोळ करून, उपाशीपोटी, दार लावून. डोळा 'काढला' असं त्या घरात कोणी म्हणत नसे, 'उघडला' म्हणत. डोळा उघडेपर्यंत नंदी म्हणजे नुसतं लाकूड, आणि लोक येत ते त्या डोळ्यासाठीच.

आणि गेले दोन पोळे तो डोळा पंचफुला उघडत होती.

तुलारामचा उजवा हात थरथरू लागला होता. पहिल्या साली बंद दाराआड त्याने नऊ नंदींची तोंडं खराब केली, मग दार किलकिलं करून सुनेला आत बोलावलं. ब्रश तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. नवरा धनीराम एस.टी.त कंडक्टर, चार-चार दिवस बाहेर. त्याला हे माहीत होतं की नाही देव जाणे, त्याने कधी विचारलं नाही. बाहेर कळलं असतं तर लोक म्हणाले असते, दोन वर्षं आमच्या पोरांनी आंधळे नंदी मिरवले. तुलारामचं नाव मातीला मिळालं असतं, आणि पंचफुलाच्या हातातला ब्रश कायमचा गेला असता. सासऱ्याच्या नावापेक्षा तिला भीती त्या ब्रशची होती. हे ती स्वतःशीही पटकन कबूल करत नसे.

"मामाजी, काहून हो म्हटलं?" वाटेत तिने विचारलं.

"मंग काय म्हणू? हात कापते म्हणू?" तुलाराम म्हणाला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी जेवून झोपते म्हणते. तेवढ्यात तू करून टाकजो."

बेत असा ठरला. रविवारी काम, सोमवारी सकाळच्या गाडीने यान भंडाऱ्याला, विज्ञान प्रदर्शनात.

ते यान म्हणजे काय, तर विलायतेतल्या कुठल्याशा गोष्टीतलं, कधी न उडालेलं आणि कधी न उडणारं एक प्लास्टिकचं खेळणं. लांबीला एक वीत. गुरुजींच्या मेव्हण्याने तिकडून सुटे भाग डब्यात घालून पाठवलेले. गुरुजींनी तीन महिने चिमट्याने उचलून, श्वास रोखून ते जोडले होते. रंगाच्या अंगठ्याएवढ्या डब्या सोबत आल्या होत्या. पट्टे आणि आकडे मात्र कागदावर छापलेले होते, पाण्यात भिजवून चिकटवायचे. बोटीच्या प्रवासात त्या कागदाला ओल लागलेली. गुरुजींनी तो पाण्यात टाकला आणि त्याचा लगदा झाला. आता जे काही बारीक होतं ते हातानेच काढायचं होतं. खिडक्या होत्या बेचाळीस, एकेक तिळाएवढी.

"चित्रात आहे तस्सं," गुरुजींनी डब्याचं झाकण समोर ठेवलं. "प्रदर्शनाला बाहेरगावचे साहेब येणार आहेत. हसं व्हायला नको."

करड्या रंगाचा पहिला हात तुलारामने दिला. मोठा ब्रश, मनगट गुडघ्यावर टेकवलेलं, त्यामुळे थरथर दिसली नाही. पंचफुला रंग ढवळत होती आणि मनातल्या मनात गुरुजींच्या जेवणाची वेळ मोजत होती. पण हवा दमट होती. तासभर झाला तरी रंग बोटाला लागे. ओल्यावर बारीक काम करता येत नाही, आणि गुरुजींची झोप काही दिवसभराची नव्हती.

"शेगडी आणा," तुलाराम म्हणाला.

त्यांच्या घरी पावसाळ्यात नंदी असेच वाळत. डब्यात धानाचा कोंडा ठासायचा, मधे भोक ठेवायचं, पेटवायचं. दिवसभर मंद धग राहते. तीस वर्षांत त्या धगीने एकाही नंदीला दगा दिला नव्हता. गुरुजींच्या बायकोने, रंभाबाईंनी, हौसेने शेगडी भरून दिली. यान विटेवर, धगीशेजारी बसलं. गुरुजी जेवायला आत गेले. दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की हे लाकूड नाही.

पंचफुला खारीच्या केसांचा ब्रश ओठाने टोकदार करत होती. सहज वर बघितलं तर यानाचा डावा पंख खाली झुकत होता. सावकाश, उन्हात पडलेल्या केळीच्या पानासारखा.

"मामाजी!"

तुलारामने बघितलं आणि तो जागचा हललाच नाही. तिने यान झडप घालून उचललं. पंख हाताला मऊ लागला. आत ताटात वाटी ठेवल्याचा आवाज झाला. मऊ आहे तोवरच जमेल, एवढंच तिला सुचलं. ओल्या बांबूला धग देऊन वाकवतात, तसाच धगीत सरळही करतात. कोनाड्यात गुरुजींच्या नातवाच्या दोन दगडी पाट्या होत्या. तिने पंख त्या दोहोंमध्ये धरला आणि सगळं वजन टाकून दाबला. खालची पाटी तिने घाईत शेगडीच्या काठावर टेकवली होती, ती तापून तळहाताला चटका बसू लागला. तिने सोडलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडलं नाही.

"हे काय चाललंय?"

गुरुजी दारात उभे होते, हात अजून ओले. शेगडी दिसली, पाट्या दिसल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "अरे, प्लास्टिक आहे ते! आग कोणी ठेवली इथे? तीन महिने! तीन महिने मी याच्यापायी डोळे फोडले!"

पंचफुलाने पाट्या अलगद उघडल्या. पंख सरळ होता. रंगात तिच्या अंगठ्याची एक रेघ उमटली होती, बाकी काही नाही.

गुरुजींनी यान चारही बाजूंनी निरखलं. मग खुर्ची ओढून दीड हातावर मांडली. "आता मी इथून हलत नाही. करा पुढचं."

गेला बेत.

रंग वाळेपर्यंत आणखी दोन तास गेले. गुरुजी ना उठले, ना पेंगले. शेवटी तुलारामने खारीचा ब्रश घेतला, लाल रंगात बुडवला आणि नाकाडावरच्या पट्ट्यासाठी हात पुढे केला. हात यानाजवळ पोचण्याआधीच कापू लागला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. रेघ अर्धा इंच नीट गेली आणि मग नांगराच्या तासातून बैल सुटावा तशी भलतीकडे गेली.

त्याने ती घासलेटच्या चिंधीने पुसली. पुन्हा काढली. पुन्हा तेच.

"तुलाराम, हाताला काय झालं?"

"चष्म्याचा नंबर बदलला, गुरुजी."

तिसऱ्यांदा ब्रश वर आला तेव्हा लाल थेंब टोकावर लोंबत होता, आणि बरोबर खिडक्यांच्या वर. पंचफुला त्या थेंबाकडे बघत होती. गप्प बसलं तर काय? म्हातारपणी मिस्त्रीने एक खेळणं बिघडवलं, एवढंच लोक म्हणतील. घरचं दार बंद राहील, दाराआड तिचा ब्रश चालू राहील. शहाणपण त्यातच होतं. पण म्हाताऱ्याची मान घामाने भिजली होती, आणि तिला त्याची इतकी दया आली आणि स्वतःचा इतका संताप आला की शहाणपण बाजूलाच राहिलं.

तिने हात पुढे करून ब्रश धरला. तुलारामने सोडला नाही. क्षणभर दोघांच्या बोटांत तो तसाच अडकला. मग त्याची बोटं सैल झाली.

"अहो बाई, तुम्ही?" गुरुजी अर्धवट उठले.

"बसा गुरुजी," ती म्हणाली. गुरुजींना बसा म्हणणारी त्या गावातली ती पहिलीच बाई असावी. गुरुजी बसले.

तिने श्वास धरला आणि लाल रेघ एका दमात शेवटापर्यंत नेली. दुसरी तिच्या शेजारून. मग काजळ घासलेटमध्ये कालवून यानाच्या अंगावरच्या खाचांतून फिरवलं आणि वरवर पुसलं. खाचांत काळं राहिलं, उंचवट्यावरचं निघून गेलं, आणि त्या प्लास्टिकला पत्र्याचे जोड आल्यासारखं दिसू लागलं. गुरुजी खुर्चीसकट पुढे सरकले. आकडे झाले. मग बाभळीचा काटा पिवळ्यात बुडवून ती खिडक्या भरू लागली, एक, दोन, सात, वीस. रंभाबाई चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

बेचाळीस झाल्यावर तिने ब्रशचा एकच केस पांढऱ्यात टेकवला आणि प्रत्येक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा ठिपका दिला.

"हा ठिपका कशाला? चित्रात नाही," गुरुजी म्हणाले.

"उजेड आहे थो. त्याच्याबिगर खिडकी आंधळी दिसते," ती बोलून गेली.

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मग उठून आत गेले आणि नातवाचा नंदी घेऊन आले, दोन पोळ्यांपूर्वीचा. तो त्यांनी यानाशेजारी ठेवला. नंदीच्या काळ्याभोर डोळ्यात, वरच्या कोपऱ्यात, तसाच पांढरा ठिपका होता.

पंचफुलाने ब्रश खाली ठेवला. आपल्याच हाताने आपण सगळं उघडं केलं.

"तुलाराम," गुरुजी म्हणाले, "त्या साली मी तुला म्हणालो होतो, तुझ्या नंदीला आता कुठे नजर आली. आठवतं?"



गुरुजींनी प्रदर्शनात यानापुढे ठेवायची कागदी पाटी पुढे ओढली. 'जोडणी' समोर आपलं नाव लिहिलं, 'रंगकाम' लिहिलं आणि टाक थांबवला. "तुलाराम मिस्त्रीच लिहितो," ते शेवटी म्हणाले. "माझ्या तोंडून काही बाहेर जाणार नाही."

पंचफुलाचा जीव भांड्यात पडला. वाचलो, असं तिला वाटलं.

"नको गुरुजी," तुलाराम म्हणाला. "तिचं लिहा."

"मामाजी, कायले?"

"दोन वर्स झाले, भिताडाकडे तोंड करून बसून राहिलो मी," तो म्हणाला. "आता नाही बसवत. लिहा, पंचफुला धनीराम."

तिला ओरडून नको म्हणायचं होतं. पण गुरुजी लिहू लागले आणि आपलं नाव कागदावर उमटताना ती बघतच राहिली.

सोमवारी प्रदर्शनात सानगडीच्या माणसांनी पाटी वाचली. मंगळवारी गावाला कळलं, कारण ठिपक्याची गोष्ट रंभाबाईंनी विहिरीवर सांगितली होती. सांगितली कौतुकाने, पण विहिरीवरून ती घरोघर गेली ती वेगळीच होऊन. पोळ्याला चार दिवस उरले होते. त्या चार दिवसांत ओट्यावर एक गिऱ्हाईक आलं नाही.

तिसऱ्या दिवशी आले ते पाच जण, काखेत नंदी घेऊन. पुढे पिठाच्या गिरणीवाला नत्थू. त्याने नंदी ओट्यावर आपटला.

"मिस्त्री, आमच्या पोरानं दोन वर्स आंधळा नंदी मिरवला म्हणाचा! हा डोळा उघडलाच नाही. वापस घे."

पंचफुला दाराच्या आत उभी होती. आता ब्रश जातो, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तुलाराम उठला. चिंधी घेतली, घासलेटात बुडवली आणि सगळ्यांसमोर नत्थूपुढे धरली. चिंधी लटलट कापत होती. त्याने हात लपवला नाही.

"आंधळा हाये ना? मंग पूस डोळा. पूस. मी नवा काढून देतो, माह्या या हातानं."

नत्थूने त्या हाताकडे बघितलं. मग तिरमिरीत चिंधी ओढून घेतली, नंदी उचलला आणि चिंधी त्याच्या डोळ्यापर्यंत नेली. नंदी त्याच्याकडे बघत होता. नत्थूने त्याचं तोंड जरा बाजूला वळवलं. तरी बघतच होता. घासलेट त्याच्या पायावर ठिबकत राहिलं आणि चिंधी काही डोळ्याला टेकेना.

"पोरगं रोज याच्यासमोर पाणी ठेवते," नत्थू म्हणाला. कोणी त्याला काही विचारलं नव्हतं.

त्याने चिंधी ओट्यावर टाकली, नंदी काखेत मारला आणि कोणाकडे न बघता चालू लागला. त्याच्यामागे आणखी दोघे वळले. उरलेल्या दोघांनी मात्र आपापले नंदी ओट्यावर ठेवले आणि निघून गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत.

आत कोऱ्या तोंडाचे सतरा नंदी रांगेत उभे होते. पंचफुला खोलीत गेली. सवयीने तिचा हात कडीकडे गेला.

"राहू दे उघडं," तुलाराम बाहेरून म्हणाला. "उजेड येते."