रंगाचा आणखी एक हात

वसुंधरेने स्पंज पाण्यात बुडवून पिळला आणि सफूराच्या गालांवर तपकिरी पॅनकेक मेकअपचा दुसरा हात फिरवला. मस्कतजवळ बरकाच्या किनाऱ्यावर, गाडीच्या आडोशाला, दोघी समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्या होत्या.

"आई, अजून थोडं डार्क," सागर कॅमेऱ्याजवळून म्हणाला. "उन्हात फेअर दिसतायत त्या."

पोरगा मस्कतमध्येच जन्मलेला, वाढलेला. काय बोलतोय याचा त्याला पत्ताही नव्हता. वसुंधरेला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने मुकाट्याने तिसरा हात दिला.

सफूरा ओमानीच, पण तिचं घराणं आफ्रिकेतल्या झांझिबारकडून आलेलं. हॉस्पिटलात ती वॉर्डाची मुख्य सिस्टर. गेल्या वर्षी वसुंधरेच्या नवऱ्याचं, भिकाजींचं, हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ड्यूटी संपल्यावरही ती वसुंधरेशेजारी बसून राहायची, हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत धीर द्यायची. अशा बाईला कोणी फसवतं का? वसुंधरेने फसवलं होतं. मराठी मंडळाच्या लघुपट स्पर्धेसाठी सागरला गुलामांच्या व्यापारावर फिल्म करायची होती आणि गुलाम बाईच्या कामाला सफूराच हवी होती. "तू सांगितलंस तर त्या नाही म्हणणार नाहीत," म्हणत त्याने फोन आईच्या हातात दिला. "तुमच्या पणजीच्या काळातली गोष्ट आहे, छान तयार होऊन या," एवढंच वसुंधरा बोलली. आणि त्याच दुपारी तिने मांजरपाट फाडून चहाच्या पाण्यात बुडवून ठेवला, मळका दिसावा म्हणून.

आज सफूरा आली ती हिरव्या रेशमी पोशाखात, कानांत पणजीचे सोन्याचे झुमके घालून. वसुंधरेने ते मळकं कापड तिच्यापुढे धरलं. सफूराने आधी कापडाकडे बघितलं, मग वसुंधरेकडे. ती गाडीत जाऊन कपडे बदलून आली. झुमके तिने रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले होते.

आता सागर दोरखंड घेऊन आला.

"यह मेरे लिए है?" सफूराने विचारलं.

"आंटी, सच तो दिखाना पड़ेगा ना. लोग भूल गए हैं."

"सच है, बेटा. लेकिन मेरी परनानी भी सच थी. मोहल्ले की लड़कियों को अपने आँगन में पढ़ाती थी. मैंने जितनी फिल्में देखीं, सबमें हमारे हाथ बँधे हुए हैं. वह पढ़ाने वाली कहाँ गई?"

सागर गडबडला. "उसमें… स्टोरी नहीं बनती, आंटी."

"का नाही बनत?" कॅमेरा सांभाळणारी त्याची मैत्रीण पूर्वा म्हणाली. "तू कधी विचारलंस त्यांना?"

"पूर्वा, प्लीज. लाइट जातोय."

वसुंधरा खाली मान घालून स्पंज धूत बसली. चिपळूणला तिला बघायला पाहुणे यायचे होते, त्या दिवशी मावशीने तिच्या सावळ्या तोंडावर मानेपर्यंत पावडर थापली होती. आरशात बघायचीही तिला चोरी झाली होती. म्हणजे हे दुखणं काही तिला परकं नव्हतं. नुसतं "राहू दे रे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेवढंही तिच्या तोंडून निघालं नाही. पोराची फिल्म आजच्या उजेडात व्हायला हवी होती.

सफूरा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली, बहुधा तेवढ्याच एका वाक्याची वाट बघत. मग तिने दोन्ही मनगटं सागरपुढे केली.

"आपने बुलाया था, भाभी. इसलिए."

शॉट दोनदा घ्यावा लागला. दोन्ही वेळा सफूरा बांधलेल्या हातांनी वाळूत गुडघ्यांवर बसली आणि कोणाचा आधार न घेता उठली. "खलास, एकदम मस्त!" म्हणत सागर सामान आवरायला पळाला.

वसुंधरेने खोबरेल तेलात कापूस बुडवला. मंडळाच्या नाटकांत वर्षानुवर्षं रंग लावायचं आणि उतरवायचं काम तिचंच. कपाळ, गाल, हनुवटी. माफी मागायची तर आत्ताच, असं ती मनाशी घोकत होती.

"सिस्टर, मैंने फोन पर आपको…"

सफूराच्या डोळ्यांकडे बघायची तिची हिंमत नव्हती. शब्द सापडेनात म्हणून ती नुसती पुसत राहिली. कापसाचा नवा बोळा घेतला, पुन्हा नवा घेतला, जोर लावून पुसत राहिली.

सफूराने तिचं मनगट धरलं. अलगद, पेशंटचं धरावं तसं.

"बस, भाभी. वह तो कब का उतर गया. अब जो है, मेरा अपना है."

वसुंधरेने हातातल्या बोळ्याकडे बघितलं. तो पांढराच होता.