काकूंच्या दारात पुरलेला पाना

मित्रांनो, माझी विचारपूस कुणी करत नाही, म्हणून आपणच सांगून टाकतो. मी नळाचे सांधे आवळणारा एक जुना पाना आहे. अंगावर गंज आहे, एक दात पडलाय, पण माझ्या जबड्यात आलेला पाईप आजवर निसटलेला नाही. एवढा तोरा मी मिरवणारच.

भट्टीत तापून, घणाचे घाव खाऊन मी घडलो आणि दुकानातून थेट फिटरदादांच्या पिशवीत आलो. बावीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून कामं केली. मग एका गावाचं काम निघालं. डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंत पाण्याची लाईन टाकायची होती. तिथल्या बायका रोज दोन कोस पायपीट करून पाणी आणत, त्यामुळे सगळं गाव कामाला भिडलं. ज्याच्या दारासमोरचा चर, त्यानंच खणायचा आणि त्यानंच बुजवायचा, असं ठरलं. दादांचा नियम एकच. सांधा माझ्याने आवळून झाला की ते त्यावर चुन्याचा ठिपका देत. ठिपका दिसल्याशिवाय मातीचं ढेकूळसुद्धा टाकायचं नाही.

पण आपला चर सगळ्यांच्या आधी बुजावा, अशी घराघरांत चुरस लागली. शिंपीणकाकू तर इरेलाच पेटल्या. त्यांच्या दारातला सांधा दादांनी नुसता हाताने फिरवून बसवला, मला शेजारी ठेवलं आणि वरच्या गल्लीतून हाक आली म्हणून गेले. काकूंना कुठला धीर! फावडं घेतलं आणि भराभर माती लोटली, सांध्यावर आणि माझ्यावरही.

दादा परत आले. "काकू, ठिपका होता ना?"

"होता की," काकू म्हणाल्या.

दिवसाला चाळीस सांधे करणारा माणूस तो. त्यांना वाटलं, दिला असेल. मी वरच्या गल्लीत राहिलो असेन असं समजून मला शोधत ते पुन्हा वर गेले आणि शेवटी दुसरा पाना घेऊन कामाला लागले. मी खाली तळमळत पडलो. पान्याला जबडा असतो, पण आवाज नसतो.

अकराव्या दिवशी लाईनची चाचणी झाली. पाईपात पाणी भरून दाब दिला आणि माझ्या शेजारचा सांधा पाझरू लागला. माती ठणठणीत कोरडी, आलेलं पाणी पिऊन टाकत होती. वर कुणाला काही दिसेना. मला मात्र लोकांची धावपळ ऐकू येत होती.

"दाबाचा काटा उतरतोय," इंजिनियरसाहेब ओरडले. "पाचपर्यंत गळती सापडली नाही तर अख्खी लाईन उकरायची. आणि फिटर मी बदलणार."

"याचा हात आता थरथरतो," कुणीतरी म्हणालं. ते ऐकून माझा जीव तुटला.

दादा शांतपणे म्हणाले, "सांधे सगळे माझ्या हातचे आहेत, साहेब. चूक माझीच असणार. गावाला बोल लावू नका."

घरात काकूंचं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. पावलं माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. परत गेली. पुन्हा आली. साडेचार वाजल्याचं कुणीतरी सांगितलं. पाणी माझ्या दांड्यापर्यंत चढलं होतं. बोला ना काकू, मी मनात म्हणत होतो, आता तरी बोला.

आणि फावड्याचा घाव पडला.

"दादा, इथे बघा," काकूंचा आवाज आला. "ठिपका नव्हता. मी खोटं बोलले."

दादांनी उरलेली माती हाताने उपसली. मी सापडलो. "अरे, तू इथे होय," एवढंच म्हणाले आणि मला सांध्याला लावलं. गंजलेला जबडा करकरला, पण अडीच फेरे मी बसवलेच. मग पुन्हा दाब दिला. काटा तासभर जागचा हलायला नको होता. तो तास काकू चराच्या काठावर उभ्याच होत्या. काटा हलला नाही. साहेबांनी कागदावर सही केली आणि दादांचं काम टिकलं.

गावाने काकूंना नावं ठेवली का? ठेवली, चार दिवस. पाचव्या दिवशी त्याच बायकांनी काकूंच्याच दारातल्या नळाखाली घागरी लावल्या.

मित्रांनो, काम झालं की आम्हा हत्यारांना पुसून, तेल लावून जागेवर ठेवा, ही विनंती आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं, की चूक झाली तर लगेच सांगा. त्या दिवशी सांगितलं असतं तर दोन फावडी माती काढून भागलं असतं. अकरा दिवस मी मातीखाली होतो आणि काकू वर होत्या, पण त्यांचे दिवस माझ्यापेक्षा वाईट गेले.