दोघींचं रक्त

माझी आई अंबू आणि बनामावशी जुळ्या, अगदी सारख्या दिसणाऱ्या. लग्नाआधीच्या एकुलत्या एका फोटोत आई कुठली, ते मला अजून ओळखता येत नाही. आता मात्र लांबूनही कळतं. आईनं कबनूरला यंत्रमागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढली. तिला दम लागतो, ऐकू कमी येतं. मावशी पेठ वडगावला असते, चार म्हशी सांभाळते, चाल अजून ताठ.

मी कोल्हापुरात जनुकांवर संशोधन करते. जुळ्यांचं रक्त हवं होतं, म्हणून मार्चमध्ये दोघींना बोलावलं. शाळेत एकीनंच दोघींची हजेरी कशी दिली होती, ते आठवून रक्त देतानाही त्या हसत होत्या.

दोन महिन्यांनी निकाल सांगायला पुन्हा बोलावलं.

“डीएनए दोघींचा जवळजवळ अक्षरन् अक्षर सारखाच,” मी म्हटलं. “पण त्यावर रसायनाच्या बारीक खुणा असतात. कुठलं जनुक चालू राहणार, कुठलं गप्प बसणार, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. तुमच्या खुणा बऱ्याच ठिकाणी वेगळ्या झाल्यात.”

“पेशी मरत्यात की. मग खुणा जात न्हाईत व्हय?” मावशीनं विचारलं.

“पेशीची दुसरी पेशी होते, तेव्हा डीएनएचे दोन धागे सुटतात. प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा जुळवला जातो. मग जुन्यावरची खूण बघून नव्यावर तशीच उमटवली जाते. म्हणून टिकतात.”

मावशीचा चेहरा उतरला. “म्हंजे मागाचं ते समदं अंबूच्या अंगात हायच अजून.”

“कशामुळं काय झालं, ते एका जोडीवरून सांगता येत नाही, मावशी.”

ती ऐकतच नव्हती. “सयू, कबनूरचं स्थळ मला आलतं. पावणं आलं त्या दिवशी मला ताप हुता. माझ्या जागी अंबू पाटावर बसली. पावण्यांनी पसंत केली. मग आमचं वडील, आबा म्हणालं, जिला बघितलं तीच पोरगी द्यायची. हिनं काढलं ते माझ्या वाटणीचं हुतं गं.” तिचे डोळे भरून आले.

“काय म्हणती ही?” आईनं विचारलं. मी तिच्या कानाशी सगळं सांगितलं. ती दम लागेपर्यंत हसली.

“ताप कसला! अंग जरा कोमट हुतं. मीच आईला म्हटलं, बनीला उठवू नगंस. जोतिबाच्या यात्रंत बघितलं हुतं मी त्या पोराला. गुलालानं माखल्याला, नुसतं दात दिसत हुतं. मला त्योच पायजे हुता.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल आई असं कधी बोलली नव्हती.

“आनि हे मला आज सांगतीस?” मावशीनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

“तू कुठं इचारलंस?”

त्या दिवशी आई कबनूरला गेली नाही. वडगावच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. गाडी सुटेपर्यंत मावशी तिच्या कानाशी ओरडून विचारत होती, “अजून काय काय लपवलंयस गं?”