फाइलीत न आलेली झाडं

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा फळा कोणी पुसला तर मी दोन दिवस अख्खी इमारत डोक्यावर घेतो. आणि अशा तोंडाळ माणसाला एक गोष्ट वेळेवर सांगायची होती, तर नऊ दिवस तोंड उघडता आलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मला ठोंब्या म्हणायची, माझे केस पांढरे झाल्यावरसुद्धा, आणि तेही माझ्या विद्यार्थ्यांसमोर. ती प्रजातींवर काम करायची, मी कणांवर. दोन कण एकमेकांवर आपटले की पुढे काय होईल, याचं गणित मी मांडतो. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, काही वाटेतच शोषले जातात. कोणाचं काय होणार ते आधी सांगता येत नाही, म्हणून संगणकाला फासे टाकायला लावायचे, लाखो वेळा. त्यासाठीचा प्रोग्राम मी तीस वर्षांपूर्वी लिहिला आणि त्याचा मला भारी गर्व होता.

नऊ-दहा वर्षांपूर्वी, निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच, ताई माझ्या ऑफिसात आली. खुर्चीवरचे कागद तिने खुशाल जमिनीवर ठेवले. मी ओरडलो. तिने लक्षही दिलं नाही.

"तुझे कण आणि माझ्या प्रजाती, दोघांची गत एकच," ती म्हणाली. "एकीच्या दोन होतात, नाहीतर नामशेष होतात. तुझा प्रोग्राम दे मला."

दिला. तिने कणाच्या जागी प्रजाती घातली आणि कामाला लागली. एक प्रजाती घ्यायची, फासे टाकत राहायचं आणि तिचं वंशाचं झाड किती काळ टिकतं ते बघायचं. कोणाला कसला खास गुण द्यायचा नाही, सगळा भरवसा नशिबावर. मग हे आकडे खऱ्या जीवाश्मांशी ताडून पाहायचे. सुरुवातीलाच तिने मला विचारलं होतं, "यात तुमच्या धंद्यातली काही खोच नाही ना? मला कळणार नाही अशी?"

"वीस वर्षं चालतोय तो," मी फणकारलो. "नको असेल तर स्वतः लिही."

आठ वर्षांनी तिचं उत्तर आलं. शंभरातली एकतीस झाडं नुसत्या नशिबावर शेवटपर्यंत तगत होती आणि जीवाश्मही जवळजवळ तेच सांगत होते. म्हणजे जे उरले ते कोणी शहाणे म्हणून उरले नाहीत, फासे बरे पडले म्हणून उरले. निबंध छापायला घेतला गेला, तपासायची शेवटची प्रत आली आणि त्याच आठवड्यात ताईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार हाताबाहेर गेलाय, आता उपचार थांबवू, घरी न्या.

घरी समोरच्या खोलीत पलंग लावला. ताई उशीला टेकून पेन्सिलीने ती प्रत तपासत बसायची. स्वल्पविराम चुकला तरी छापणाऱ्याच्या नावाने खडे फोडायची. मी रोज दुपारी जायचो. एक आकृती पुन्हा काढायची राहिली होती, ती माझ्याकडे होती.

ती काढताना मी एकूण झाडं मोजली. तोवर कोणी मोजली नव्हती, कारण प्रोग्राम थेट टक्केवारीच द्यायचा. लावली होती एक लाख, फाइलीत निघाली एकोणतीस हजार. उरलेली एकाहत्तर हजार गेली कुठे?

पाच मिनिटांत सापडलं. माझीच ओळ होती. आमच्याकडे कण टिपणाऱ्या यंत्रापर्यंत काही पोचलंच नाही तर ती टक्कर नोंदवत नाहीत, जे दिसलंच नाही ते काय मोजायचं? म्हणून जे झाड पहिल्या काही फांद्यांतच संपतं, ते प्रोग्राम गुपचूप टाकून द्यायचा. कणांच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. पण ताई तर मरणाऱ्यांचाच हिशोब मांडत होती, आणि तिचे लवकर मेलेले सगळे मी वगळले होते. खरा आकडा शंभरात एकतीस नव्हता, नऊ होता. नऊ जीवाश्मांशी जुळत नाही, म्हणजे निबंध संपला.

दुसऱ्या दिवशी दारातच भाची भेटली. "मामा, आईला कसलाही ताण द्यायचा नाही हं. डॉक्टरांनी बजावलंय."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आयती सबब मिळाली. आत गेलो तर ताई म्हणाली, "आकृती आणलीस?"

"उद्या."

रोज उद्या. एकदा म्हणालो प्रिंटर बिघडलाय. एकदा म्हणालो डोकं दुखतंय. ती हसली, "डोकं? तुझं?" त्या नऊ दिवसांत तिचं स्वतःचं डोकं लख्ख चालत होतं. एका परिच्छेदावरून तिने माझ्याशी तासभर वाद घातला आणि जिंकलासुद्धा. मी खोट्या निकालाच्या परिच्छेदावर वाद घालत बसलो होतो, शरम वाटते.

दहाव्या दिवशी भाचीने सांगितलं की दुखणं वाढलंय, सकाळपासून गुंगी आणणाऱ्या औषधाचा डोस दुप्पट केलाय. तेव्हा मला धडकी भरली. मी आत गेलो, दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

ताईने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "एकाहत्तर हजार?"

"हो."

"कधी कळलं तुला?"

माझ्याने खोटं बोलवेना. "नऊ दिवस झाले."

तिने डोळे उघडले. लहानपणी तिने मला पुष्कळ बदडलंय, पण माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"नऊ दिवस!" ती म्हणाली. "अरे, नऊ दिवसांत मी सगळं नव्याने मांडलं असतं. चूक झाली याचं मला काही वाटत नाही रे, चुका माझ्याही झाल्यात. पण माझे दिवस होते ते. तू कोण ठरवणारा?"

मी रडायला लागलो. म्हातारा माणूस हुंदके देऊन रडतो ते बघवत नाही, पण तिने थांब म्हटलं नाही की जवळही घेतलं नाही.

"कागद घे," ती म्हणाली. "संपादकांना लिही."

मी लिहू लागलो. तिचे शब्द जड येत होते, पण प्रत्येक शब्द जागच्या जागी. "आमच्या निबंधात गंभीर चूक आढळली आहे. लवकर नष्ट झालेल्या वंशांची नोंद झालेली नाही."

"माझ्यामुळे, असं लिहू का?" मी विचारलं.

"आमच्या म्हटलंय ना? तेच राहू दे. पुढे लिही. त्यामुळे मुख्य निष्कर्ष टिकत नाही." ती थांबली, श्वास घेतला. कपाळावर ती आठी आली, नवीन काही सुचलं की यायची ती. "तरीही," ती म्हणाली.

मी 'तरीही' लिहिलं आणि वाट बघत राहिलो. तिचे ओठ हलले आणि औषधाने तिला ओढून नेलं. संध्याकाळी ती जागी झाली तेव्हा मला ओळखत होती, पण निबंध म्हणजे काय ते तिला आठवत नव्हतं. चौथ्या दिवशी ताई गेली.

पत्र मी 'निष्कर्ष टिकत नाही' इथे संपवून पाठवलं. निबंध मागे घेतला गेला. त्यानंतर वर्षभर मी तोच प्रोग्राम, ती ओळ काढून, हजार तऱ्हांनी चालवून पाहिला. नऊचा आकडा हलत नाही. पण ताई उगाच 'तरीही' म्हणणारी नव्हती, तिला काहीतरी दिसलं होतं. मला ते दिसत नाही, मी तेवढा हुशार नाही. तिला विचारायला नऊ दुपारी होत्या, आणि मी तिला प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगत होतो.